पाण्याचा धडा कुठे आहे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे तास बुडवणे मला परवडत नाही आणि शोभतही नाही. तरीही गेल्या वर्षी आठवड्यातून एक तास माझा हमखास बुडायचा. औरंगपुऱ्यात मी आत्याकडे राहते. तिच्या गल्लीत ज्या दिवशी नळाची पाळी असे, त्या दिवशी पहाटेपासून घरातली सगळी माणसे ड्रम, हंडे, कळश्या आणि बादल्या मांडून नळाच्या तोंडाकडे बघत बसत. दोन पाळ्यांमधले अंतर तासांत मोजायचे नसते, दिवसांत मोजायचे असते. मी वहीपुस्तक घेऊन निघाले की आत्या म्हणायची, "एक तास बुडला तर काय बिघडतं गं? पाणी बुडलं तर आठवडा जाईल." यावर कोणत्याही विद्यार्थिनीजवळ उत्तर नाही.

अशाच एका दिवशी मी अर्थशास्त्राच्या तासाला निम्म्यातून जाऊन बसले. विषय होता 'भारतातील आर्थिक नियोजन'. फळ्यावर पंचवार्षिक योजनांची यादी होती. पहिली १९५१ ते १९५६, आणि शेवटची, बारावी, २०१२ ते २०१७. तास संपल्यावर चुकलेला भाग काढावा म्हणून मी क्रमिक पुस्तक चाळू लागले. ज्या पाण्यापायी तास बुडाला ते पाणी या पुस्तकात कुठे आहे, हे पाहण्याची उत्सुकता वाटली. सिंचन सापडले शेतीच्या धड्यात. जलविद्युत ऊर्जेच्या धड्यात. पिण्याचे पाणी आरोग्य आणि सामाजिक सेवांच्या धड्यात. पूर आणि दुष्काळ नैसर्गिक आपत्तींत. उद्योगांच्या धड्यात भांडवल, श्रम, वाहतूक, कच्चा माल असे सर्व होते. पाण्याला मात्र एक ओळही नव्हती. जणू कारखाने कोरडेच चालतात! पुढच्या तासाला मी धीर करून विचारले, "सर, पाण्याचा धडा कुठे आहे?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हा प्रश्न वार्षिकांकासाठी लिहून दे." म्हणून हा लेख.

मित्रहो, क्रमिक पुस्तकात जे दिसते ते केवळ पुस्तकाचे दुखणे नाही. पुस्तक हे राज्यकारभाराचीच सावली असते. शेतीचे खाते वेगळे, उद्योगाचे वेगळे, नगरविकासाचे वेगळे, पाणीपुरवठ्याचे वेगळे, भूजलाचे वेगळे. प्रत्येक खाते आपापली योजना आखते आणि शेवटी एका ओळीत लिहिते, 'पाणी अमुक धरणातून घेण्यात येईल.' धरण मात्र एकच असते. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण योजना आधी करतो आणि पाणी मागाहून शोधतो. हा क्रम उलटा झाला पाहिजे. आधी पाणी मोजा, मग योजना आखा.

हे मी पुस्तकावरून बोलत नाही. माझ्या आजीचे सासर गोदाकाठी होते. १९७० नंतरच्या त्या वर्षांत पैठणचा नाथसागर भरू लागला आणि आजूबाजूच्या कितीतरी गावांबरोबर आमचेही गाव उठले. आजी तेव्हा विशीतली, नुकती नांदायला आलेली. गोदेच्या गाळाची काळीभोर जमीन पाण्याखाली गेली आणि नवे गाव वर माळावर बसले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावाच्या बाजूला बोट दाखवून आजी आम्हाला सांगायची, तिथे मारुतीचे देऊळ, तिथे आपला वाडा, तिथे चिंच. धरणासाठी घर-रान दिलेल्या या गावात २०१६ च्या उन्हाळ्यात प्यायचे पाणी टँकरने येत होते. मी तेव्हा तिसरी-चौथीत होते. टँकरमागे कळशी घेऊन पळालेल्या पोरींत मीही होते. आजी ओसरीवर बसून म्हणाली होती, "आमचं रान पान्यानं घेतलं, ते दिसलं. पन पानी कुनी घेतलं?"

आज त्याच नाथसागराचे पाणी पन्नासएक किलोमीटर नळातून चढून औरंगपुऱ्यात आत्याच्या ड्रममध्ये पडते. आजीच्या शेतावरून आलेले पाणी मी आठवड्यातून एकदा भरते! मग मला वाटते, आजीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे माझ्या शिक्षणाचेच काम आहे.

थोडा इतिहास पाहू. जायकवाडी हे मुळात बीड जिल्ह्यातल्या एका खेड्याचे नाव. धरण आधी तिकडे व्हायचे होते. ते पैठणला आले, नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे, २०८ किलोमीटरचा डावा कालवा आणि १३२ किलोमीटरचा उजवा. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला उपयोगात येणारा सुमारे ७६. कोरडवाहू मराठवाड्याची शेती भिजवावी, हे या धरणाचे मुख्य प्रयोजन. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीने या कालव्यांकडे किती आशेने पाहिले असेल, याची आज कल्पनाच करावी लागेल.

पण पुढे काय झाले? वरच्या बाजूला, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत, त्याच गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणे होती. दारणा १९१६ चे, भंडारदरा १९२६ चे. त्यांत पुढे आणखी भर पडत गेली. खालच्या बाजूला आमचे शहर वाढले आणि हर्सूलचा तलाव अपुरा पडून शहराची तहान नाथसागरावर आली. चिकलठाणा, वाळूज, पुढे शेंद्रा आणि बिडकीन अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यांनाही पाणी हवे होते. कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस आला, साखर कारखाने आले. ऊस हे तर बारमाही पाणी मागणारे पीक! शिवाय जलाशय पसरट, त्यामुळे मराठवाड्याचे ऊनही आपला वाटा न विचारता घेऊन जाते.

यांत कोणी एक खोटे बोलला असे मला वाटत नाही. आमच्या गावाकडचे उदाहरण देते. एका घरात वर्षाची दहा पोती ज्वारी आली. थोरल्याने चार पोती सोयऱ्याला कबूल केली. मधल्याने चार बाजारात विकायची ठरवली. धाकट्याने चार उधारीपोटी द्यायचे वचन दिले. तिघेही प्रामाणिक, तिघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर. फक्त बेरीज बारा झाली, आणि घरात खायला किती लागते हे मायला कोणी विचारलेच नाही. आपल्या जलनियोजनाची अवस्था यापेक्षा निराळी आहे काय?

आणि मग दर टंचाईच्या वर्षी भांडण ठरलेले. वरच्यांनी पाणी सोडावे की नाही? आंदोलने होतात, न्यायालयात धाव घेतली जाते, नदीकाठी पोलीस उभे राहतात. मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ साली आला. त्याच्या आधारे २०१४ साली राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला. १५ ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे सूत्र त्यातून आले. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. तरीसुद्धा २०२३ साली पुन्हा तेच. ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि पुन्हा तीच रणधुमाळी झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वरचा शेतकरी हा आमचा शत्रू नाही. त्याच्याही घरात एखादी आजी असेल, त्यानेही धरणाच्या भरवशावर कर्ज काढले असेल. दोन तहानलेल्यांना समोरासमोर उभे करणे याला नियोजन म्हणत नाहीत. आणि यात परराज्याला दोष देण्याची सोयही आपल्याला नाही. १९८० च्या गोदावरी जलतंटा लवादाच्या निवाड्याप्रमाणे पैठण धरणापर्यंतचे गोदावरीचे सारे पाणी वापरण्याची मोकळीक महाराष्ट्राला आहे. पाणी आपले, धरणे आपली, खाती आपली. मग हिशेबही आपणच चुकवला, हे कबूल करायला हवे.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. सर्व नदीखोऱ्यांचा मिळून एक एकात्मिक राज्य जल आराखडा करावा आणि नवे प्रकल्प त्या आराखड्याला धरूनच मंजूर व्हावेत, असे त्यात सांगितले. किती शहाणपणाची गोष्ट! परंतु हा आराखडा मंजूर व्हायला २०१८ साल उजाडले. तेरा वर्षे! मधल्या काळात आराखड्यावाचून प्रकल्प मंजूर होतच राहिले, आणि त्याबद्दल उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. जमाखर्चाची वही तेरा वर्षे कोरी आणि खर्च चालूच. असा संसार कोणत्या घरात चालेल? पाण्याचे शिक्षण देणारी 'वाल्मी' ही संस्था १९८० पासून आमच्याच शहरात, पैठण रस्त्यावर आहे. ज्ञानाचा दुष्काळ इथे नव्हताच. ज्ञान आणि निर्णय यांची गाठ पडत नव्हती.

देशाच्या पातळीवर पाहिले तर ही गाठ घालण्याचा प्रयत्न स्वातंत्र्यापूर्वीच झालेला दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण चवदार तळ्यामुळे पाण्याच्या हक्काशी जोडतो, आणि ते योग्यच आहे. १९२७ साली महाडला त्यांनी माणसाचा पाण्यावरचा हक्क उभा केला. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना पाटबंधारे आणि वीज यांच्या धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९४५ साली जलमार्ग व पाटबंधाऱ्यांसाठी जो केंद्रीय आयोग स्थापन झाला आणि दामोदर खोऱ्याची जी योजना आखली गेली, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. संपूर्ण खोरे हा एक घटक धरायचा आणि पूर, सिंचन, वीज, नौकानयन यांचा विचार एकत्र करायचा, ही ती दृष्टी. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. पाण्याचा हक्क आणि पाण्याचे नियोजन हे दोन वेगळे विषय नाहीत, हे ज्या एका माणसाच्या आयुष्यात दिसते, त्यानेच १९५० साली आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय काढले. आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी तरी हे विसरू नये.

पुढे ती दृष्टी मंदावली. राज्यघटनेत पाणी राज्यांच्या सूचीत गेले. आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राकडे राहिले. १९५६ साली नदी मंडळांचा कायदा झाला, पण त्याखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही. १९८७, २००२ आणि २०१२ अशी तीन वेळा राष्ट्रीय जलनीती जाहीर झाली. नियोजन आयोग जाऊन २०१५ साली नीती आयोग आला. २०१९ साली जलसंपदा आणि पेयजल ही खाती एकत्र करून जलशक्ती मंत्रालय झाले. खाती एकत्र आली, हे चांगलेच झाले. पण दोन पाट्या एका दारावर लावल्या म्हणजे दोन हिशेब एक होतात असे नाही.

यावर काही जण म्हणतील, मुली, एवढा हिशेब कशाला? आणखी धरणे बांधू, कोकणातून समुद्राला जाणारे पाणी वळवून आणू, मोठी जलवाहिनी टाकू. २०२० च्या डिसेंबरात आमच्या शहरासाठी मोठ्या जलवाहिनीच्या योजनेचे भूमिपूजन झाले. जलवाहिनी हवीच आहे; माझ्या आत्यापेक्षा ती जास्त कोणाला हवी असेल? पण नळ रुंद केल्याने रांजणातले पाणी वाढत नाही. दूरचे पाणी आणले आणि वाटपाची रीत तीच राहिली, तर भांडणही तेवढेच मोठे होईल.

दुसरे म्हणतील, उद्योगांना पाणी नाकारले तर पोरांना नोकऱ्या कोण देणार? माझा थोरला भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो. माझी फी त्याच्या पगारातून भरली जाते. कारखान्याला पाणी देऊ नका, असे मी कोणत्या तोंडाने म्हणेन? मी म्हणते, द्या, पण आधी मोजून द्या. आपल्या राज्याच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगांचा क्रम शेतीच्या वर होता. २०११ साली तो बदलून शेती वर आणली. क्रम बदलणे हा धोरणाचा भाग झाला. परंतु ज्या वर्षी पाणीच निम्मे असते, त्या वर्षी कोणाचे किती कमी करायचे, हे पावसाळ्यापूर्वी गावोगावी माहीत असेल तरच त्या क्रमाला अर्थ आहे.

हे अशक्य आहे काय? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते करून दाखवले आहे. गावात पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आले, हे दरवर्षी मोजायचे. माणसांचे आणि जनावरांचे आधी बाजूला काढायचे. उरलेल्यात कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेने ठरवायचे. उसासारख्या पिकाला आणि शेतीसाठीच्या बोअरला त्यांनी आपणहून बंदी घातली. जगात अन्यत्रही हे तत्त्व मान्य झाले आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या जलकायद्यात माणसांच्या मूलभूत गरजेपुरते आणि नदी जिवंत राहण्यापुरते पाणी आधी राखून ठेवले. बाकीच्यांचे वाटप त्यानंतर. एक खेडे आणि एक देश जे करतात, ते एका खोऱ्याला का जमू नये?

आणि आपल्याच मातीत पाहा. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि काही वर्षांतच जमिनीखालून नहर खेळवून डोंगराकडचे पाणी शहरात आणले. पाणचक्की पाहायला येणारे पाहुणे चक्कीचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते शहर आणि पाणी यांचा विचार एकाच वेळी करणाऱ्या डोक्याचे. आमच्या औरंगपुऱ्यात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. रोज त्यावरून जाताना आठवते की १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीरावांनी सरकारला सांगितले होते, शिपायांच्या हातून जागोजाग ताली-बंधारे बांधून घ्या, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. कर, कर्ज, शिक्षण आणि पाणी हे सारे त्यांनी एकाच पुस्तकात, एकाच दुःखाची अंगे म्हणून मांडले. आपण मात्र त्याचे पाच धडे केले.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. कोणताही मोठा प्रकल्प, मग तो कारखाना असो, वसाहत असो वा उपसा योजना, मंजूर करण्यापूर्वी त्या खोऱ्यातले पाणी कोणाकोणाला आधीच कबूल झाले आहे याचा हिशेब जाहीर झाला पाहिजे, आणि त्यात विहिरी-बोअरचे पाणी कालव्याच्या पाण्याबरोबरच धरले पाहिजे. जमिनीवरचे आणि जमिनीखालचे पाणी ही काही सख्खी-सावत्र भावंडे नव्हेत. दुसरे, पिण्याचे पाणी सर्वांत आधी बाजूला काढावे, आणि ज्यांची गावे धरणात गेली त्यांचा त्यात पहिला मान असावा. तिसरे, हा हिशेब दर ऑक्टोबरला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सोप्या मराठीत लागावा. टीएमसी हा शब्द माझ्या आजीला कळत नाही. पण 'एवढे आले, एवढे तुमचे, एवढे त्यांचे' हे तिला आमच्यापेक्षा चांगले कळते. आयुष्यभर तिने हंड्याने पाणी मोजले आहे.

या दिवाळीत गावी गेले तेव्हा मी आजीला सांगितले की तुझा प्रश्न मी कॉलेजच्या पुस्तकात लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. पन उत्तर बी लिही." पूर्ण उत्तर मला अजून सापडलेले नाही. एवढे मात्र सांगू शकते, की आजी, तुझे पाणी कोणी एकाने चोरले नाही. ते अनेकांनी, एकमेकांना न विचारता, आपापल्या कागदावर लिहून घेतले. हे सारे कागद एकत्र आणून त्यांची बेरीज करणे, हे यापुढच्या नियोजनाचे पहिले काम आहे. आमच्या नंतर येणाऱ्या मुलींच्या पुस्तकात पाण्याचा धडा असावा, आणि तो पहिला असावा.